डर्बींची पेढी: नातेगोत्यांच्या दोऱ्यांवर चाललेली जहाजं

अठराव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर सेलम नावाचं एक बंदर भरभराटीला आलं होतं. १७९० च्या जनगणनेत तिथली वस्ती पुरती आठ हजारही भरली नाही, तरी नव्या देशातल्या मोठ्या शहरांत त्याचा सहावा क्रमांक होता. या गावात एलियास हॅस्केट डर्बी नावाचा व्यापारी राहायचा. त्याची जहाजं मॉरिशस, मुंबई, कलकत्ता आणि चीनच्या कँटनपर्यंत जायची. तो स्वतः मात्र दर्यावर्दी नव्हता. पेढीवर बसून हिशेब बघणं आणि पत्रं लिहिणं हे त्याचं काम.

इथेच पहिला प्रश्न पडतो. जहाज एकदा सुटलं की वर्ष-दीड वर्ष परत येत नसे. तार नव्हती, टेलिफोन तर फारच पुढची गोष्ट. देशाकडे अजून भरवशाचं चलनही नव्हतं. लाखोंच्या मालासह एखादा कप्तान पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघाला, की त्याने माल कितीला विकला, पैसे कुठे घातले, खरं सांगतोय की खोटं, हे घरी बसून कसं कळणार? कोणत्या भरवशावर कोणी आपलं सगळं भांडवल असं समुद्रावर सोडावं?

या प्रश्नाचं उत्तर डर्बी कुटुंबाच्या वंशावळीत आहे. म्हणून मला ही वंशावळ एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखी वाचावीशी वाटते. कोणाचं लग्न कोणाशी झालं, कोणाचा मेहुणा कप्तान होता, कोणत्या भाच्याने वेगळी पेढी काढली, यावर मालाची वाट आणि नफ्याची वाटणी ठरत होती.

सुरुवात अगदी साध्या माणसापासून होते. रॉजर डर्बी १६७१ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या टॉपशम गावाहून मॅसॅच्युसेट्सला आला. साबण आणि मेणबत्त्या बनवणं हा त्याचा धंदा, आणि पंथाने तो क्वेकर, म्हणजे प्रस्थापित चर्चपासून वेगळा झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचा. त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन चर्चचा अंमल होता. रविवारी त्यांच्या प्रार्थनेला न जाणाऱ्यांना दंड भरावा लागे. रॉजरलाही तो भरावा लागला. आधी तो इप्सविचला राहिला, नंतर सेलमला आला. त्याचा मुलगा रिचर्ड खलाशी झाला. त्याने मार्था हॅस्केटशी लग्न केलं आणि १७१५ मध्ये, ऐन तरुणपणात, तो वारला. मागे राहिला १७१२ मध्ये जन्मलेला आणखी एक रिचर्ड.

नावांचा हा गोंधळ पुढे वाढतच जातो, म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. न्यू इंग्लंडच्या या घराण्यांत आईचं, आजीचं किंवा एखाद्या आदरणीय नातलगाचं आडनाव मुलाच्या नावात मध्ये बसवत. एलियासच्या नावातलं ‘हॅस्केट’ हे त्याच्या आजीचं माहेरचं आडनाव. त्याच्या एका मुलाचं नाव रिचर्ड क्राउनिनशील्ड डर्बी, कारण आई क्राउनिनशील्डांकडची. दुसऱ्या मुलाचं नाव एझिकिएल हर्सी डर्बी. हे हर्सी म्हणजे एलियासच्या सावत्र आईचे पहिले यजमान, हिंगम गावचे डॉक्टर. ते वारल्यावर त्या बाईंनी रिचर्ड डर्बीशी लग्न केलं आणि पुढे, १७८४ मध्ये, हिंगमला शाळा काढली. डर्बी अकॅडमी या नावाने ती आजही चालू आहे. नातवाच्या नावात सावत्र आजीच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव यावं, हे आपल्याला विचित्र वाटेल. पण त्या समाजात नाव हीसुद्धा एक नोंद होती: या घराचं त्या घराशी नातं आहे, ते विसरू नका.

१७१२ चा रिचर्ड हा या कथेतला पहिला मोठा माणूस. १७३६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो ‘रेंजर’ नावाच्या लहान गलबताचा कप्तान म्हणून स्पेनच्या कादिस आणि मालागा बंदरांना गेला. न्यू इंग्लंडची खारवून वाळवलेली कॉड मासळी कॅथलिक स्पेनमध्ये चांगली खपत असे, उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे म्हणून. येताना तिथून तेल, फळं आणि मीठ यायचं. दुसरी वाट कॅरिबियन बेटांची. तिकडे जायची ती मुख्यतः हलक्या प्रतीची मासळी, लाकूड आणि गुरं, आणि तिकडून यायची साखर, रम आणि काकवी.

या दुसऱ्या वाटेवर थांबायलाच हवं. ती हलकी मासळी कोणासाठी होती? बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांसाठी. मळेवाल्यांना आपल्या जमिनीवर उसाशिवाय काही पिकवायचं नव्हतं, म्हणून गुलामांचं पोट भरायला स्वस्तातलं अन्न बाहेरून आणत. सेलमच्या व्यापाऱ्यांच्या पहिल्या पैशाचा मोठा हिस्सा या व्यवहारातून आला. पुढे मॉरिशसहून कॉफी यायला लागली, तीही गुलामांच्याच श्रमाची. डर्बींच्या हुशारीचं आणि धाडसाचं कौतुक करताना पुष्कळ लिहिणारे हे एका वाक्यात उरकतात. मला ते पटत नाही. जहाजं धाडणारी माणसं हुशार होतीच, पण त्यांच्या जहाजांत भरलेला गोडवा दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवरच्या वळांतून आला होता.

१७५७ मध्ये रिचर्डने समुद्र सोडला आणि पेढी थाटली. १७६२ च्या सुमारास त्याने दोन बांधकामं सुरू केली. एक म्हणजे समुद्रात आत जाणारा लांब दगडी धक्का, डर्बी व्हार्फ. दुसरं म्हणजे धक्क्यासमोर मुलासाठी, एलियाससाठी, विटांचं घर. धक्का पुढे वाढत वाढत १८०८ पर्यंत जवळपास अर्ध्या मैलाचा झाला. घर आणि धक्का दोन्ही आज आहेत. १९३८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून राखला. त्या प्रकारचं ते देशातलं पहिलंच स्थळ.

रिचर्डला तीन मुलगे होते, रिचर्ड, एलियास हॅस्केट आणि जॉन. मुलींमधली मेरी आपल्याला पुढे लागणार आहे. थोरला रिचर्ड १७८१ मध्येच वारला. जॉन कप्तान झाला. एलियासला मात्र वडिलांनी तरुणपणापासून पेढीवर बसवलं. घरात समुद्रावर जाणारे आणि हिशेब सांभाळणारे अशी वाटणी केली, तर दोन्ही टोकांना आपला माणूस राहतो. या पेढीची रचना या साध्या विचारावर उभी होती.

जॉनच्या वाट्याला तर इतिहासच आला. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्डला ब्रिटिश सैनिक आणि वसाहतीतले लोक यांच्यात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या पहिल्या चकमकी झाल्या. आपली बाजू लंडनला आधी पोचावी अशी मॅसॅच्युसेट्सच्या पुढाऱ्यांची इच्छा होती. ब्रिटिश सेनापती गेज यांचा अहवाल घेऊन एक जहाज आधीच निघालेलं. जॉन डर्बी ‘क्वेरो’ नावाच्या छोट्या स्कूनरमधून, मालाविना, काही दिवस उशिरा निघाला आणि २८ मे रोजी लंडनमध्ये हजर झाला. सरकारी अहवाल पोचायला त्यानंतर दहा दिवसांहून अधिक लागले. तोवर लंडनच्या लोकांनी अमेरिकनांची हकिकत वाचून घेतली होती. आठ वर्षांनी, १७८३ मध्ये, युद्ध संपल्याची बातमी फ्रान्सहून अमेरिकेला आणणारं ‘अॅस्ट्रिया’ जहाजही जॉन डर्बीच चालवत होता. युद्धाची पहिली आणि शेवटची बातमी एकाच माणसाने समुद्रापार नेली. एका व्यापारी कुटुंबाकडे वेगवान जहाज आणि ते चालवणारा घरचा माणूस, दोन्ही तयार असल्याचा हा परिणाम.

युद्धाने नेहमीचा व्यापार बंद पाडला. मग एलियासने आपली जहाजं खाजगी लढाऊ जहाजांत बदलली. ही पद्धत अशी: सरकार एखाद्या खाजगी मालकाला परवाना देई, तो शत्रूची व्यापारी जहाजं पकडे, न्यायालय ती पकड कायदेशीर ठरवी, आणि मग जहाज व माल विकून आलेले पैसे मालक, कप्तान आणि खलाशी ठरल्याप्रमाणे वाटून घेत. परवाना नसता तर ही शुद्ध चाचेगिरी. धोका मोठा होता आणि लाभही. एलियासने एकाच जहाजावर सारं लावलं नाही, कितीतरी जहाजांत हिस्से घेतले. त्याने याच कामासाठी बांधून घेतलेलं ‘ग्रँड टर्क’ १७८१ मध्ये पाण्यात उतरलं. तीनशे टनांचं, तोफा बसवलेलं, आणि त्या मानाने वेगवान.

१७८३ मध्ये शांतता झाली आणि नवी अडचण उभी राहिली. अमेरिका आता ब्रिटिश साम्राज्याबाहेर होती, त्यामुळे ब्रिटिश कॅरिबियन बेटांचे दरवाजे अमेरिकन जहाजांना बंद झाले. सेलमकडे मोठी, वेगवान जहाजं होती, कसलेले खलाशी होते आणि जुन्या वाटा बंद होत्या. डर्बीने मग पूर्वेकडे पाहिलं. १७८४ मध्ये ‘ग्रँड टर्क’ आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, गेलं. १७८५ च्या डिसेंबरमध्ये कप्तान एबेनेझर वेस्टच्या हाती ते पुन्हा निघालं, ईल दे फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला, आणि तिथून कँटनला. मे १७८७ मध्ये चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन ते परतलं. न्यू इंग्लंडहून चीनला जाऊन आलेलं ते पहिलं जहाज. या एबेनेझरचा भाऊ नॅथॅनियल वेस्ट हा डर्बींचा जावई. नॅथॅनियलचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्यापायी घरात मोठं भांडण होणार आहे.

आता एका सफरीचं गणित जरा नीट पाहू, कारण त्याशिवाय नातेवाइकांची गरज कळत नाही.

सेलमला जहाज भरायचं ते मासळी, खारं मांस, लोणी, रम, लोखंड, तंबाखू असल्या वस्तूंनी. चीन किंवा भारतातल्या व्यापाऱ्यांना यातलं फारसं काही नको असायचं. त्यांना हवी असायची चांदी, मुख्यतः स्पॅनिश डॉलर. पण सेलममध्ये चांदी निघत नाही. म्हणून वाटेत कुठेतरी माल विकून चांदी, किंवा पूर्वेला खपेल असा दुसरा माल मिळवणं भाग होतं. ईल दे फ्रान्स त्यासाठी सोयीचं होतं. फ्रेंचांचं ते बेट अन्नधान्यासाठी बाहेरच्यांवर अवलंबून होतं, आणि फ्रान्स अमेरिकेचा मित्र. तिथे माल विकायचा, तिथून मुंबईला जायचं, कापूस भरायचा, तो कँटनला विकायचा, त्या पैशाचा चहा घ्यायचा आणि घरी यायचं. प्रत्येक टप्प्यावर भाव घसरलेला असू शकतो, युद्ध सुरू झालेलं असू शकतं, जहाजाला भोक पडलेलं असू शकतं. सेलमला बसलेल्या मालकाला यातलं काही माहीत नसतं. म्हणून डर्बी कप्तानाला आणि सुपरकार्गोला, म्हणजे जहाजावरच्या व्यापारी प्रतिनिधीला, लांबलचक सूचनापत्र द्यायचा. त्यात शक्यता मांडलेल्या असत: अमुक भाव मिळाला तर असं करा, नाहीतर तसं. आणि शेवटी निर्णय त्यांच्यावर. परिस्थिती पाहून जहाजच विकून टाकायची मोकळीकसुद्धा!

इतकी मोकळीक परक्याला देता येत नाही. निदान ज्याची आई, बायको आणि अब्रू आपल्याच गल्लीत आहे, अशालाच देता येते. कप्तानाने फसवलं तर त्याच्यावर खटला भरण्याआधी त्याचं सेलममधलं आयुष्य संपलं. त्याच्या बहिणीचं लग्न अडेल, भावाला कुठे कप्तानकी मिळणार नाही. दुसऱ्या बाजूने मालकही त्याला कमिशन देई आणि जहाजात स्वतःचा थोडा माल नेण्यापुरती जागा देई. म्हणजे सफर फायद्यात गेली तर कप्तानही सधन होऊन परते, पुढे स्वतः व्यापारी होई, आणि बहुतेकदा मालकाच्याच घरातली मुलगी करी. भीती, हाव आणि नातं, तिन्हींचं हे मिश्रण होतं. नुसत्या प्रेमावर ही पेढी चालली नाही.

माणसंही किती कोवळी! १७९२ च्या डिसेंबरमध्ये डर्बीचं ‘बेंजामिन’ हे जहाज निघालं तेव्हा कप्तान नॅथॅनियल सिल्सबी एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या हाताखालचा चार्ल्स डर्बी आणि कारकून रिचर्ड क्लीव्हलँड हे दोघंही जेमतेम त्याच वयाचे. हा सिल्सबी पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेला. त्याआधी त्याने लग्न केलं ते मेरी क्राउनिनशील्डशी, म्हणजे एलियास डर्बीच्या सख्ख्या भाचीशी.

मुंबईचा धागा एलियासच्या थोरल्या मुलाने विणला. त्याचंही नाव एलियास हॅस्केट, घरात नुसतं हॅस्केट. हार्वर्डचं शिक्षण संपल्यावर वडिलांनी त्याला ईल दे फ्रान्सला बसवलं. तिथे तो जवळपास तीन वर्षं राहिला. ‘ग्रँड टर्क’ त्याने तिथेच चांगल्या किमतीला विकून टाकलं, दुसरी जहाजं घेतली आणि भारताच्या बंदरांशी व्यवहार सुरू केला. डर्बींचं ‘अटलांटिक’ १७८८ मध्ये सुरत, मुंबई आणि कलकत्त्याला पोचलं. या बंदरांत अमेरिकेचा झेंडा आणणारं पहिलं जहाज म्हणून सेलमकर त्याचं नाव घेतात. १७८९ मध्ये ‘पेगी’ मुंबईचा कापूस घेऊन सेलमला परतलं. त्या कापसात गुजरात आणि काठियावाडचा माल मोठा. तो मुंबईच्या धक्क्यावर गाठी बांधून जहाजांत चढे, आणि त्याचं खरं मोठं गिऱ्हाईक चीन. अमेरिकेतला स्वतःचा कापूस तेव्हा अजून जोरात पिकायला लागला नव्हता.

मुंबईत अमेरिकनांना भेटले तेही घराण्यांवर चालणारे व्यापारीच. वाडियांच्या पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधत होत्या. त्याच घराण्यातले नसरवानजी माणेकजी वाडिया अमेरिकन कप्तानांचे दलाल आणि आडतिये म्हणून काम बघत. चिनी चित्रकाराने काढलेलं त्यांचं चित्र सेलमच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयात आहे. या संग्रहालयाचं मूळ १७९९ मध्ये सेलमच्या कप्तानांनी काढलेल्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीत. केप हॉर्न किंवा केप ऑफ गुड होप ओलांडलेले कप्तान आणि सुपरकार्गोच तिचे सभासद होऊ शकत. परक्या बंदरात कोणावर विसंबायचं हा सेलमकरांचा प्रश्न मुंबईत एका पारशी कुटुंबाने सोडवला, हे मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं. भाषा, धर्म, देश वेगळे. पण शब्द मोडला तर घराण्याचं नाव जातं, हा धाक दोघांना सारखाच कळत होता.

एक सफर फसली की काय होई, तेही पाहा. १७८९ च्या हंगामात कँटनला एकट्या डर्बींची चार जहाजं एकाच वेळी येऊन उभी राहिली, शिवाय इतर अमेरिकन जहाजं होतीच. त्यातली काही मुंबईचा कापूस घेऊन आलेली. माल उदंड, म्हणून भाव पडलेला. सेलमहून सल्ला मागवायचा तर उत्तर यायला वर्ष जाणार. तिथल्या माणसांनी चारपैकी दोन जहाजं तिथेच विकली आणि सगळा पैसा चहात घालून तो उरलेल्या दोन जहाजांतून घरी पाठवला. चहा सात लाख पौंडांहून अधिक! तो पोचला तेव्हा अमेरिकेत चहाचा आधीच पूर आलेला, आणि नव्या केंद्र सरकारची जकात लगेच भरायची. डर्बीने सरकारकडे अर्ज केला, की माल वखारीत सरकारी कुलपाखाली ठेवू द्या, विकेल तशी जकात भरतो. पुढे चहाच्या बाबतीत कायद्यातच तशी सोय झाली.

आता घरात वळू. डर्बी आणि क्राउनिनशील्ड यांच्यात साटंलोटं झालं होतं. १७५७ मध्ये मेरी डर्बीने जॉर्ज क्राउनिनशील्डशी लग्न केलं आणि १७६१ मध्ये तिच्या भावाने, एलियासने, जॉर्जच्या बहिणीशी, एलिझाबेथशी. क्राउनिनशील्ड मूळचे जर्मन, सतराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या एका डॉक्टरचे वंशज. जॉर्ज आणि मेरीच्या मुलांना एलियास एका बाजूने मामा, दुसऱ्या बाजूने आतोबा. हे मुलगे एकापाठोपाठ एक समुद्रावर गेले आणि यातले काही सुरुवातीला मामाच्याच जहाजांवर शिकले. पण हाताशी इतके कप्तान असताना दुसऱ्याच्या पेढीवर का राबायचं? १७९० च्या दशकात जॉर्ज क्राउनिनशील्ड आणि त्याचे मुलगे स्वतःच्या जोरावर उभे राहिले. मामाची युक्ती भाच्यांनी उचलली, आणि नात्यात साठलेली विद्या नात्यातूनच प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली.

त्यात राजकारण मिसळलं. डर्बी फेडरलिस्ट पक्षाचे, क्राउनिनशील्ड त्यांच्या विरोधी पक्षाचे, थॉमस जेफर्सनच्या बाजूचे. जेकब क्राउनिनशील्ड काँग्रेसमध्ये गेला, त्याचा भाऊ बेंजामिन पुढे अमेरिकेचा नौदलमंत्री झाला. याच जेकबने १७९६ मध्ये कलकत्त्याहून ‘अमेरिका’ जहाजातून एक हत्ती न्यूयॉर्कला आणला. अमेरिकेच्या भूमीवर उतरलेला तो पहिला हत्ती. साडेचारशे डॉलरला घेतलेला हत्ती दहा हजारांना विकला गेला असं सांगतात. चारा-पाण्याचा खर्च धरूनसुद्धा मामाला अभिमान वाटावा असाच हा सौदा! सेलममध्ये क्राउनिनशील्ड हे नाव निघालं की लोक १८३० च्या एका गाजलेल्या खुनाकडे वळतात, कारण त्यात याच घरातला एक तरुण गुंतला होता. ती कथा वेगळी आहे. पेढीच्या इतिहासात तिचं काही काम नाही.

एलियासच्या शेवटच्या वर्षांत घराला जणू कळस चढत होता. पत्नी एलिझाबेथला मोठा वाडा हवा होता. लाकडी कोरीवकामाचा उस्ताद सॅम्युएल मॅकिंटायर याच्या देखरेखीखाली तो उभा राहिला, खर्च ऐंशी हजार डॉलरच्या घरात. देशाचं पुढे फ्रान्सशी बिनसलं आणि युद्धनौका हवी होती तेव्हा सेलमकरांनी वर्गणी काढून ‘एसेक्स’ बांधून दिली, तिच्यात डर्बीने दहा हजार घातले. १७९९ मध्ये वाडा पुरा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एलिझाबेथ वारली, आणि ८ सप्टेंबरला एलियास. मागे दहा लाख डॉलरहून अधिकची संपत्ती राहिली. त्या दिवसांत एवढा धनी माणूस अमेरिकेत दुसरा कोणी असेल का, शंकाच आहे. तेव्हा हॅस्केट ‘माउंट व्हर्नन’ घेऊन भूमध्य समुद्रात होता. १८०० मध्ये तो लाखभर डॉलरच्या नफ्यासह परतला, पण तो हिशेब ऐकायला वडील नव्हते.

आणि मग पंधरा-सोळा वर्षांत सगळं विरलं. कसं?

पहिलं कारण कायदेशीर, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. आजची कंपनी मालक वारला तरी चालू राहते, कारण कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते. डर्बींची पेढी म्हणजे स्वतः एलियास. तो गेला आणि भांडवल चार मुलगे व तीन मुली यांच्यात वाटलं गेलं. सात जणांच्या सात आवडी. हॅस्केटला वाडा मिळाला, पण तो सांभाळण्याएवढा पैसा त्याच्याकडे टिकला नाही. तो मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलात, जनरल झाला, लिस्बनहून मेरिनो मेंढ्या आणून लोकरीच्या मागे लागला. एझिकिएल हर्सी शेतीत रमला. एकत्र असताना जो पैसा पंधरा जहाजांचा तोटा पचवू शकला असता, तो सात ठिकाणी विखुरल्यावर एका वाईट सफरीलाही पुरेना.

दुसरं कारण घरातलं. मुलगी एलिझाबेथ आणि तिचा नवरा नॅथॅनियल वेस्ट यांचं बिनसलं आणि १८०६ मध्ये भर न्यायालयात, साऱ्या गावासमोर, घटस्फोट झाला. भावांनी बाजू घेतल्या, हातघाईपर्यंत प्रकरण गेलं. त्या काळी बाईने अशा घरातून उठून न्यायालयात जाणं सोपं नव्हतं, आणि तिला गावाने क्षमा केली नाही. डॅनव्हर्सजवळचं ‘ओक हिल’ हे सुंदर घर तिच्याकडे राहिलं. १८१४ मध्ये ती वारली, काही वर्षांनी एक मुलगीही वारली, आणि त्या मुलीच्या वाट्याचा भाग नॅथॅनियलकडे आला. त्याने त्या घराच्या चार खोल्या उचलून सेलमच्या चेस्टनट स्ट्रीटवर आणल्या आणि त्यांच्याभोवती नवं घर बांधलं. वारसा शब्दशः तोडून वाटला गेल्याचं असं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

तिसरं कारण बाहेरचं. डिसेंबर १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफर्सनने परदेशी बंदरांशी व्यापारावरच बंदी घातली. ती १८०९ पर्यंत चालली, आणि सेलमची जहाजं धक्क्याला बांधून राहिली. मग ब्रिटनशी १८१२ चं युद्ध. १८१५ मध्ये डर्बींचा वाडा पाडला गेला. जागा गावाला बाजारासाठी मिळाली, तिथे १८१६ मध्ये मार्केटची इमारत उभी राहिली. त्या चौकाला आजही डर्बी स्क्वेअर म्हणतात.

क्राउनिनशील्डही फार पुढे गेले नाहीत. त्यांची पेढीही भावाभावांतल्या वादात फुटली. थोरला भाऊ जॉर्ज, बापाचंच नाव लावणारा, याने १८१६ मध्ये ‘क्लिओपात्राज बार्ज’ नावाची नौका बांधली. तिचं काम माल वाहणं नव्हे, निव्वळ हौसेचा प्रवास! १८१७ मध्ये भूमध्य समुद्राची सफर करून परतल्यावर तो त्याच वर्षी वारला. नौका विकली गेली, हवाईच्या राजाने घेतली, आणि १८२४ मध्ये कौआईच्या किनाऱ्यावर ती फुटली. दोन पिढ्यांपूर्वी याच घरातल्या माणसांना जहाज म्हणजे फक्त भांडवल होतं.

उरलेला पैसा हळूहळू समुद्र सोडून जमिनीवर गेला. मॅसॅच्युसेट्समधले व्यापारी सूतगिरण्यांत भांडवल घालू लागले. १८१६ मध्ये काँग्रेसने जकातीचा नवा कायदा केला. परदेशी सुती कापड कितीही स्वस्त असलं तरी जकातीसाठी त्याची किंमत चौरस यार्डाला किमान पंचवीस सेंट धरायची, असा नियम त्यात होता. भारतातून येणारं जाडंभरडं कापड त्याहून कितीतरी स्वस्त, त्यामुळे त्याच्यावर बसणारी जकात खऱ्या किमतीच्या मानाने अवाच्या सवा झाली आणि ते बाजारातून जवळजवळ उठलं. ज्या जहाजमालकांनी तीस वर्षं भारतीय ताग्यांवर आपली घरं बांधली, त्यांच्याच प्रांतातल्या गिरणीमालकांसाठी तो दरवाजा लावून घेतला गेला. मुंबईचा कापूस चीनकडे जातच राहिला, पण त्या वाटेवर डर्बी नावाचं जहाज पुन्हा दिसलं नाही.